आटलेलं गाढव

"गाढव?" प्रोफेसर उकिडवे म्हणाले.

"गाढव," मी म्हणाले. "नोर्फेलच्या मेव्हण्याचं. चांगलं घोड्याएवढं होतं. एक दिवस त्यानं त्याला नाल्यावर नेऊन आंघोळ घातली आणि ओलंच बाहेर बांधलं. दुपारी जाऊन बघतो तर शेळीएवढं. इथली हवा कोरडी आहे सर. ओलं काही बाहेर ठेवायचं नाही. आटतं."

राघवन साहेबांचा चमचा ताटात पडला. धारप सरांनी डोळे मिटून घेतले. ते माझे साहेब, आणि मी थाप मारायला लागले की ते असेच डोळे मिटायचे, विमान खाली उतरताना मिटतात तसे.

उकिडव्यांनी चहा ओतणाऱ्या नोर्फेलकडे वळून विचारलं, "खरं का हो हे?"

नोर्फेल म्हणजे आमच्या कॅम्पाचं सगळंकाही. स्वयंपाकी तो, ड्रायव्हर तो, बर्फात वाट काढणारा तो. जन्मात खोटं न बोललेला माणूस. त्यानं किटली खाली ठेवली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मॅडम-ले म्हणतात तर असेल. माझं गाढव नाही ते. मेव्हण्याचं आहे." तिकडं प्रत्येकाच्या नावाला 'ले' लावतात, आपल्या 'जी'सारखं.

त्याला मुळात मेव्हणाच नव्हता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण ते पुढं.

मी मग रडण्याचंही सांगितलं. थांगमरवर कुणी रडलं तर पाणी गालापर्यंत पोचत नाही, वाटेतच उडून जातं. मीठ तेवढं उरतं, ते आम्ही पुसून भाजीत घालतो. उकिडव्यांनी समोरच्या फ्लॉवरच्या भाजीकडे पाहिलं आणि ताट थोडं बाजूला सारलं.

आता सांगते, ही माणसं तिथं काय करत होती.

थांगमर ही लडाखातली टेकडी. टेकडी म्हणायची एवढंच, आपला सह्याद्री तिच्या गुडघ्याला लागला असता. वर एक पत्र्याची लांब खोली, मागं स्वयंपाकघर, आणि हवा अशी विरळ की दोन वाक्यं सलग बोललं की हसू यायचं. खरंच, ही थाप नाही. डोक्याला हवा कमी पडली की माणूस हसतो. पहिले आठ दिवस मी बुटाच्या नाडीलाही हसायचे.

धारप सरांना तिथं दुर्बीण बसवायची होती, पण साधी नाही, उष्णतेनं बघणारी. माझी तिथली नोकरी म्हणजे हवा किती कोरडी आहे ते रोज मोजायचं. दोन हिवाळे मोजलं होतं. आता कमिटी आली होती, म्हणजे उकिडवे आणि राघवन, बघायला की आम्ही मोजलं ते खरं का. डोंगर पास झाला तर दुर्बीण येणार आणि मी तिथं कायम. नापास झाला तर कॅम्प गुंडाळायचा आणि मी कराडला.

कराडला माझे वडील, दादा. दादांनी माझ्यासाठी सांगलीचं स्थळ काढून ठेवलं होतं. हळदीचे व्यापारी, माणसं बरी, मुलगाही बरा. मी त्याला एकदा पाहिला होता. त्यानं मला विचारलं, "स्वेटर विणता येतो का?" मी म्हणाले, "येतो, पण मला तो घालायचाही असतो." असो. दादांनी शब्द दिला होता की डोंगर पास झाला तर राहा. आणि तो शब्द मोडू नये म्हणून, की मी मोडू नये म्हणून, ते कळलं नाही, पण त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्याबरोबर बायजाआत्याला पाठवलं होतं. दोन हिवाळ्यांनंतर त्यांना आठवलं होतं, एवढ्या पुरुषांत एकटी पोर कशी राहणार.

एस्टी स्टँडवर दादा आत्याला म्हणाले होते, "अक्का, हिला घेऊनच ये." माझ्यासमोर म्हणाले. आणि आत्या म्हणाली, "आणते."

बायजाआत्याचा शब्द म्हणजे सबंध कराडात दगडावरची रेघ. ती कधी थाप मारायची नाही. थाप कळायचीही नाही तिला. लहानपणी मी तिला सांगितलं होतं की कोयनेत मगर आलीय आणि ती भजी खाते, तर ही बाई दोन दिवस भज्यांची परात घेऊन घाटावर बसली होती, मगर उपाशी राहू नये म्हणून. आणि सांगलीचं स्थळही तिनंच आणलेलं. तिच्या नवऱ्याच्या चुलत घरातलं.

अशी आत्या थांगमरवर आली, आणि तिनं बरोबर काय आणलं? पितळी सोऱ्या आणि गव्हाचं पोतं.

"हे कशाला गं?"

"कुरडया घालायच्यात. उन्हाळा आहे ना? वाळवण नको व्हायला?"

मी म्हणाले, आत्या, लडाख आहे हा. ती म्हणाली, ऊन आहे ना? आणि ऊन होतंच, सणसणीत. तिनं नोर्फेलच्या घरच्या पाट्यावर भिजवलेला गहू वाटला, चीक काढला, शिजवला, आणि स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या छपरावर पातळ पसरून त्यावर कुरडया पाडल्या. खाली येऊन हातपाय धुतले. वर जाऊन बघते तर वाळलेल्या.

ती छपरावरच बसली. म्हणाली, "माणके, ही जागा देवानं वाळवणासाठीच केलीय. तुम्ही तिथं दुर्बीण का लावताय?"

मग मी तिला समजावलं. जे समजावलं ते पुढं महत्त्वाचं आहे म्हणून सांगते.

"आत्या, आम्हाला ऊब बघायचीय."

"कुणाची?"

"ताऱ्यांची. काही तारे अजून जन्मायचे असतात. धुळीत गुंडाळलेले. डोळ्याला दिसत नाहीत, नुसती ऊब येते त्यांची."

"मग येऊ दे की. कराडात बसून घ्यायची."

"तिथंवर पोचत नाही. हवेत पाण्याची वाफ असते, ती वाटेतच पिऊन टाकते. आणि शिवाय तू ऊबदार, मी ऊबदार, जमीन ऊबदार, दुर्बीण सुद्धा. चुलीच्या तोंडाशी बसून काजवा शोधायचा तसं होतं. म्हणून जागा उंच पाहिजे, गार पाहिजे आणि कोरडी पाहिजे."

आत्यानं थोडा विचार केला. "पोरं जन्मायची, आणि ऊब नको म्हणता. उलटंच आहे तुमचं."

मग मी तिला मोजायची पेटी दाखवली. पत्र्याच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला, छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या झडपांची पेटी होती. आत एक आरसा, नखाएवढा. यंत्र त्या आरशाला गार गार करत जायचं, आणि आरशावर धुकं धरलं की थांबायचं. आतल्या खोलीत काटा होता, तो दाखवायचा किती गार केल्यावर धुकं धरलं. हवा जितकी कोरडी तितकं जास्त गार करावं लागतं. कराडात ग्लासभर गार पाणी ठेवलं तरी ग्लासाला घाम येतो. थांगमरवर त्या आरशाला शून्याच्या खाली तीसच्याही पुढं न्यावं लागायचं, तेव्हा कुठं बिचारा पुसट व्हायचा.

"आणि हे यंत्र असलं नाजूक आहे आत्या, की पेटीजवळ कुणी ओला रुमाल वाळत घातला तरी काटा वर. मग बघणाऱ्याला वाटणार डोंगर दमट आहे."

"ओल्या रुमालानं डोंगर नापास?"

"ओल्या रुमालानं."

आत्या 'अगंबाई' म्हणाली आणि कुरडया उलटायला गेली.

तर कमिटी आली, जेवली, गाढव ऐकलं, झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर उकिडवे हात चोळत म्हणाले, "चला, बघू तुमचा कोरडा डोंगर."

आम्ही सगळे आतल्या खोलीत काट्यासमोर उभे राहिलो. उकिडव्यांनी स्वतः खुर्ची ओढून घेतली. मोठा विद्वान माणूस, पण त्यांच्या चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्यानं दुधात पाणी घातलंय आणि ते फक्त किती घातलं एवढंच शोधतायत.

यंत्र गुरगुरलं. काटा खाली जायला लागला. आणि उणे दहापाशी येऊन थांबला.

मी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. तो हलला नाही.

"धुकं धरलं," उकिडवे म्हणाले. "उणे दहा. धारप, एवढं तर माझ्या महाबळेश्वरच्या बंगल्यातही थंडीत होतं."

धारप सरांनी कोटाची कॉलर वर ओढली. ते लहानखुरे, पण त्या क्षणी ते त्यांच्या कोटात अजून लहान दिसायला लागले. मला वाटलं, बघा, माझं गाढव.

"पुन्हा करू," मी म्हणाले.

पुन्हा केलं. उणे नऊ.

मी बाहेर धावले. त्या हवेत धावायचं नसतं. खोलीला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे नाचत होते, आणि त्या काजव्यांतून मला दिसलं काय? पेटीच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या बाजूला, कॅम्पातल्या चार खाटा. खाटांवर आत्याची पातळं. आणि पातळांवर, गोल, ओल्या, पांढऱ्याशुभ्र, चकचकणाऱ्या कुरडया. ओळीनं. मला ते इतकं सुंदर दिसलं की मी तिथंच खाली बसून हसले. मग उठले.

आत्या सोऱ्या पुसत उभी होती.

"आत्या, इथं घातल्यास?"

"मागच्या छपरावर ते पिवळ्या चोचीचे कावळे येतात. काल चार कुरडया नेल्या मेल्यांनी."

भांडायला वेळ नव्हता. मी आणि नोर्फेलनं खाटा एकेक करून उचलल्या आणि लांब, नाल्याच्या बाजूला नेऊन ठेवल्या. मग मी आत गेले. आत गेले तेव्हा काटा उणे चोवीसवर होता आणि अजून खाली चालला होता, गुळाचा वास लागलेल्या मुंगीसारखा सरळ.

"सर, कुरडया होत्या," मी धापा टाकत म्हणाले.

"काय?" उकिडवे.

"कुरडया. ओल्या. पेटीपाशी. माझ्या आत्यानं वाळत घातल्या होत्या. त्यांची वाफ आरशावर जात होती. मी उचलल्या, आता बघा, खाली चाललाय."

राघवन साहेब नाक खाजवत होते. उकिडव्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे," ते म्हणाले, "काल गाढव आटलं. आज कुरडयांनी आरसा धुतला."

"नाही सर, हे खरं आहे."

"ते काल खोटं होतं?"

"ती थाप होती."

"आणि मी मात्र एवढंच पाहिलं, मिस जगदाळे, की काटा वाईट होता, तुम्ही बाहेर गेलात, आणि काटा चांगला झाला." ते धारप सरांकडे वळले. "गेले दोन हिवाळे आकडे कुणी घेतले?"

"माणिकनं," धारप सर म्हणाले.

"हिनंच?"

"हिनंच."

"मग माझ्यापाशी दुसरं काय आहे? आकडे घेणारी मुलगी जेवताना गाढव आटवते. धारप, मी खाली जाऊन लिहिणार काय, डोंगर कोरडा आहे असं कुरडयांनी सांगितलं? मला वाईट वाटतं. पण हे खोटं आहे. ही मुलगी खोटं बोलतेय."

एरवी माझ्या तोंडात हजार गोष्टी तयार असतात, आणि त्या दिवशी एकच होती, खरी, आणि तीच कुणाला नको होती. मी रडले का? रडले. आणि गालापर्यंत पाणी आलंच की, थांगमर असून.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ओ मास्तर."

आत्या होती. एका हातात सोऱ्या, पदर कमरेला खोचलेला, नाक गारठ्यानं लाल. ती सरळ आत आली आणि उकिडव्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या गालांकडे. मग त्यांच्याकडे.

"आमची पोर थापा मारते," ती म्हणाली. "मगर भजी खाते म्हणून मला दोन दिवस घाटावर बसवलं होतं हिनं. साऱ्या कराडाला माहितीय. पण खोटं नाही बोलत. थाप वेगळी, खोटं वेगळं. एवढे शिकलेले तुम्ही, कळत नाही?"

"बाई, तुम्ही कोण?"

"मी कुरडयांची मालकीण."

राघवन साहेब मागं तोंड वळवून खोकले.

"अर्धा चीक पातेल्यात आहे अजून," आत्या म्हणाली. "गरम आहे. तुम्ही या, तुमच्या हातानं पाडा त्या पेटीपाशी, आणि बघा काटा काय करतो ते. हिला आत बसवा, मला चुलीपाशी बसवा, आम्ही दोघी हलत नाही. पाडता येतात का कुरडया?"

उकिडवे म्हणाले, "मला? मी... म्हणजे लहानपणी आई..." आणि त्यांनी चष्मा परत चढवला.

"मग झालं तर."

नोर्फेलनं पातेलं आणलं आणि एक खाट रिकामी करून पेटीपाशी लावली. आत्यानं सोऱ्यात चीक भरून दिला आणि चुलीपाशी जाऊन हाताची घडी घालून बसली, शाळेतल्यासारखी. मी काट्याच्या खोलीत कोपऱ्यात, हात मांडीवर. धारप सर माझ्या शेजारी उभे. काट्यासमोर राघवन साहेब. बाहेर उत्तरेच्या भिंतीशी प्रोफेसर उकिडवे, सोऱ्या घेऊन.

खिडकीतून ते दिसत होते. त्यांनी सोऱ्याचा दांडा फिरवला आणि पहिली कुरडई पडली ती कुरडईसारखी नव्हतीच, पावसात सापडलेल्या साळिंदरासारखी होती. दुसरी बरी. तिसरीला त्यांची जीभ ओठाबाहेर आली. चौथीला ते मान वाकडी करून बघायला लागले की गोल झाली का. त्या हवेत सोऱ्या दाबायचा म्हणजे चेष्टा नाही. पाचवीला ते थांबले, कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून. आणि हसायला लागले. आपोआप. मी म्हटलं ना, हवा कमी पडते.

"वर चाललाय," आत राघवन साहेब म्हणाले. मग ओरडले, "उणे पंधरा. उणे बारा."

उकिडव्यांनी बाहेरून विचारलं, "किती?"

"बारा."

त्यांनी खाट उचलून लांब नेली. काटा खाली गेला. परत आणली, वर आला. मग त्यांच्या डोक्यात शास्त्रज्ञ जागा झाला. ते ओरडले, "राघवन, मी सांगणार नाही आणली का नेली. तुम्ही काटा बघून सांगा."

आणि मग जो खेळ झाला तो मी मेल्यावरही विसरणार नाही. बाहेर एक देशातला नावाजलेला प्रोफेसर कुरडयांची खाट डोक्यावर घेऊन भिंतीला चकरा मारतोय, मधेच थांबून लपतोय, मधेच खाट पुढं आणल्यासारखं करून मागं नेतोय. आत दुसरा नावाजलेला प्रोफेसर काट्याला नाक लावून ओरडतोय, "ओलं!" मग जरा वेळानं, "कोरडं!" मग, "ओलं! नाही, थांबा, फसवताय तुम्ही, कोरडं!" आणि बाहेरून, "बरोबर, च्यायला, बरोबर!"

एकदाही चुकला नाही काटा. एकदाही.

धारप सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते, कारण आत्यानं तसं कबूल केलं होतं.

शेवटी उकिडवे खाली बसले. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, कोटावर चीक. राघवन साहेब बाहेर गेले आणि खाटेवरची एक ओली कुरडई उचलून तोंडात टाकली.

"वडाम," ते म्हणाले. "आमच्याकडे तांदळाचे करतात. गच्चीवर. मी सगळ्यात मोठा चोर होतो. आजी कावळ्यांसाठी काळी छत्री उभी करायची, मी त्या छत्रीखाली बसून खायचो."

उकिडव्यांनीही एक उचलली. चावली.

"राघवन," ते म्हणाले, "माझ्या पुण्यातल्या गच्चीवर असल्या हजार कुरडया घातल्या तर हा आरसा ओळखेल का?"

"काय ओळखणार? हवाच भिजलेली तिथली."

"आणि इथं चार खाटा ओळखल्या. इथं एक खाट ओळखली." ते उठायचा प्रयत्न करायला लागले, जमलं नाही, नोर्फेलनं हात दिला. "धारप. अहो धारप. ज्या डोंगराला कुरडया कळतात, त्या डोंगराला तारे कळणार नाहीत तर कुणाला कळणार? पास. पास, पास."

धारप सरांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली. मी उडी मारली आणि चक्कर येऊन त्यांच्याच अंगावर पडले. नोर्फेलनं सगळ्यांना चहा दिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम-ले, आता मला मेव्हणा करावा लागेल. ते गाढव बघायला मागतील." पुढच्याच वर्षी त्यानं लग्न केलं. मेव्हणा मिळाला. गाढवही होतं, बरं का. बारीकच होतं.

त्या दुपारी कुरडया तळल्या. उकिडव्यांनी स्वतः पाडलेल्या वेगळ्या ठेवायला लावल्या, साळिंदर सुद्धा. जाताना आत्याच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "मिस जगदाळे, आकडे घेताना थाप नाही ना मारणार?"

"आकड्यांत मजा नसते सर," मी म्हणाले.

आठवड्यानं आत्या निघाली. एकटी. डोंगर पास झाला होता, मला राहायचं होतं. नोर्फेल जीप गरम करत होता. मी तिच्या पिशवीत जर्दाळू भरत होते आणि ती पातळाची घडी घालत होती, त्याच पातळाची, कुरडयांच्या.

मग मला इतके दिवस मनात फिरत असलेलं विचारावंसं वाटलं.

दक्षिणेचं छप्पर स्वयंपाकघरावर. दिवसभर ऊन. उत्तरेच्या भिंतीला मात्र ऊन येतच नाही. पेटी तिथं लावतात ती त्यासाठीच, आरसा तापू नये म्हणून. जिनं चाळीस उन्हाळे वाळवण घातलं, कुठं ऊन आहे आणि कुठं नाही हे जिला डोळे मिटून कळतं, ती बाई कुरडया सावलीत घालेल? आणि त्याही, मी पेटी दाखवून ओल्या रुमालाचं सांगितल्यावर?

"आत्या," मी म्हणाले, "उत्तरेच्या भिंतीला ऊन येतं का गं?"

तिनं घडी पुरी केली. वर हात फिरवून सुरकुती मोडली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मी जन्मात न पाहिलेलं काहीतरी होतं, तोंडाच्या एका कोपऱ्यात.

"येतं की," ती म्हणाली. "ते आटलेलं गाढव आहे ना तुझं, त्याच्यावर बसून येतं."

आणि जीपमध्ये जाऊन बसली.

दिवाळीला मी घरी गेले. मनात धाकधूक होती. दादांचा शब्द म्हणजे आत्याचा शब्द नव्हे. डोंगर पास झाला तर राहा म्हणणारे दादा, पोर समोर आली की राहू दे तो डोंगर म्हणणार, हे मला पाठ होतं. सांगलीची माणसं अजून थांबली होती म्हणे.

ओट्यावर पाऊल ठेवलं तर दादा उठून उभे राहिले. नुसते बघत राहिले, पायापासून डोक्यापर्यंत. मग माझा हात धरून त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. तिथं चौकटीवर लहानपणापासून माझ्या उंचीच्या खुणा होत्या, पेन्सिलीच्या.

"सरळ उभी राहा," दादा म्हणाले.

मी उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला, सगळ्यात वरच्या खुणेशी नीट लावून बघितला. पुन्हा बघितला. खाली वाकून माझ्या टाचा जमिनीला टेकल्यात का तेही बघितलं.

"काय झालं दादा?"

"काही नाही." ते घाम पुसत होते. "अक्का सांगत होती. तिथल्या कोरड्या हवेत राहिलेलं माणूस खालच्या दमट हवेत आणलं की आटतं म्हणे. तिनं गाढव बघितलं स्वतःच्या डोळ्यांनी. एवढंसं झालेलं. आणि अक्का काही थाप मारणारी नव्हे."

मी आत बघितलं. आत्या चुलीपाशी बसून करंज्या तळत होती. मान वर केली नाही तिनं. झारा मात्र जरासा हलत होता, हसणाऱ्या माणसाच्या हातात हलतो तसा.

"परत कधी जाणार?" दादांनी विचारलं.

"भाऊबीज झाली की."

दादांनी पुन्हा एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून चौकटीकडे बघितलं.

"पाडव्यालाच जा," ते म्हणाले. "उगाच कशाला."